मनोरे सरळ हवेत!

आमच्या घराण्यात भांडणे फारशी झाली नाहीत. जमीनजुमलाच नव्हता, तेव्हा भाऊबंदकीला वाव तरी कुठला? पण एका गोष्टीवरून मी आणि माझे थोरले बंधू जवळजवळ साठ वर्षे भांडत आलो. ती गोष्ट म्हणजे एक फोटो. तळहातात मावेल एवढा, चौकोनी, काळापांढरा आणि आता कडेने पिवळा पडत चाललेला.

हा फोटो १९६६ सालचा, दिवाळीच्या सुट्टीतला. वडील जाऊन तीन वर्षे झाली होती. दादाला नोकरी लागली होती आणि पहिला बोनस हातात पडला होता. आईने तोवर आळंदी-पंढरपूरपलीकडचे जग पाहिलेले नव्हते. दादाने ठरवले की आईला घृष्णेश्वराचे दर्शन घडवायचे आणि जाता-येता वेरूळ, औरंगाबादही दाखवायचे. एका मित्राकडून आग्फाचा ‘क्लिक थ्री’ कॅमेरा उसना आणला, बारा फोटोंचा एक रोल घेतला आणि आम्ही पुण्याहून एस. टी.ने निघालो. मी तेव्हा बारा वर्षांचा; शेपूट म्हणून बरोबर होतोच.

त्या बारा फोटोंपैकी धड असा एकच निघाला. बीबी का मकबऱ्यासमोर आई उभी आहे. नऊवारी लुगडे, हातात कापडी पिशवी आणि उन्हाने बारीक झालेले डोळे. पण मागचा मकबरा! डावीकडचा मनोरा फोटोतून साफ बाहेर गेलेला, घुमट एका बाजूला आणि सगळी इमारत मागे रेलून पडल्यासारखी. उजवीकडचा मनोरा तर असा कललेला की, आता आईच्या अंगावर येतो की काय असे वाटावे.

मी पुढे शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना पट्टी-पेन्सिल घेऊन सरळ रेघा मारायला शिकवण्यात माझे आयुष्य गेले. तेव्हा हा फोटो माझ्या नजरेला खुपावा यात नवल नाही. दर दिवाळीला फराळानंतर आल्बम निघायचा आणि मी म्हणायचा, “दादा, मनोरे पडले की रे!” यावर दादाचे उत्तर ठरलेले असे : “पडेनात का! आई उभी आहे ना?”

शेवटच्या आजारपणात मात्र दादाने वेगळेच उत्तर दिले. म्हणाला, “जन्मभर नावं ठेवलीस. आता एकदा स्वतः जा आणि सरळ काढून आण. मग बोल.” मीही ईर्षेने म्हणालो, “आणतो! त्यात काय मोठंसं?”

गेल्या वर्षी चैत्रात दादा गेला. पैज तशीच राहिली. मार्गशीर्षात वहिनींनीच आठवण करून दिली, “भाऊजी, तेवढा फोटो काढून आणायचा आहे ना तुम्हांला?” म्हणून नाताळच्या सुट्टीत आमची ही, दादाची नात सई आणि मी असे तिघे जण निघालो. माझ्या गळ्यात मुलाने दिलेला कॅमेरा, सईच्या हातात मोबाइल आणि हिच्या हातात दशम्यांचा डबा.

२०२३ साली औरंगाबादचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. शहर आता ओळखू येणार नाही इतके पसरले आहे. आम्ही उतरलो तो वार मंगळवार. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात हे मला उतरल्यावर कळले. हिने माझ्याकडे नुसते पाहिले. बोलली काहीच नाही. तेव्हा मुकाट्याने आधी मकबऱ्याकडेच रिक्षा वळवली.

दक्षिणेच्या मोठ्या दरवाजातून आत शिरले की मकबरा एकदम समोर येतो. लाकडी दारावर पितळेचा पत्रा मढवलेला असून त्यावर वेलबुट्टी उठवलेली आहे. ही वास्तू अताउल्ला नावाच्या वास्तुकाराने आणि हंसपत राय या स्थापत्यकाराने उभारली, अशी नोंद या दरवाजावर आहे. हा अताउल्ला म्हणजे ताजमहाल बांधणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. बापाने आग्र्याला बांधले, मुलाने दख्खनेत. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ साली वारली आणि १६६१ च्या सुमारास तिच्या कबरीवरची ही वास्तू पुरी झाली. तिचा मुलगा आझमशाह याने ती बांधली असे सगळीकडे सांगतात. पण त्या वेळी आझमशाह जेमतेम आठ वर्षांचा होता. तेव्हा हुकूम आणि पैसा बापाचाच असला पाहिजे. पैसाही बेताचाच दिला होता. सगळा खर्च पावणेसात लाखांच्या आतबाहेरचा! त्यामुळे संगमरवर खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटाला. मधल्या भागात आपला काळा दगड आणि त्यावर गुळगुळीत पांढरा गिलावा.

फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने मात्र या काटकसरीचा एक वेगळाच परिणाम झाला आहे. ताज ऐसपैस पसरलेला आहे. मकबरा अंग चोरून उभा आहे. त्याची रुंदी कमी आणि उंची डोळ्यांत भरणारी. मनोरेही घुमटाच्या मानाने उंच वाटतात. उंच आणि अरुंद वस्तू फोटोत मावावी म्हणून माणूस नकळत कॅमेरा वर करतो, आणि तिथेच सगळा घोळ होतो.

माझाही झाला. मोठ्या ऐटीत मी पाण्याच्या हौदाच्या कडेने पुढे गेलो, कॅमेरा डोळ्याला लावला, घुमटाचा कळस दिसेपर्यंत वर उचलला आणि धडाधड दहा फोटो काढले. सई मागून डोकावून म्हणाली, “आजोबा, तुमचे पण पडले.”

पाहतो तो काय, खरोखरच मनोरे एकमेकांकडे झुकलेले! सईने आपल्या मोबाइलवर ‘वाइड’ करून काढला, तर इमारत सगळी मावली खरी, पण टोकाचे मनोरे बाहेरच्या बाजूला ताणल्यासारखे झाले आणि कडेची भिंत किंचित फुगीर दिसू लागली. मग तिने पडद्यावर बोट सरकवून मनोरे सरळ केले. तसे करताच दोन्ही बाजूंचा बराच भाग कापला गेला आणि घुमट दुधी भोपळ्यासारखा लांबला. मी म्हटले, “हे म्हणजे भात शिजल्यावर खडे वेचण्यासारखं झालं.” ती म्हणाली, “पण तुमच्या भातात तर खडेच आहेत!” तिथे माझे बोलणे खुंटले.

लॉजवर परतल्यावर मी वही काढली आणि सईला, खरे म्हणजे स्वतःलाच, धडा शिकवायला बसलो. समजा, आपण एक पाटी इमारतीसमोर उभी धरली आणि तिच्यावर इमारतीचे चित्र उमटले. पाटी अगदी उभी असेल, भिंतीला समांतर असेल, तर उभ्या रेघा उभ्याच उमटतील. पण पाटी मागे कलली, की पाटीच्या मानाने इमारतीचा माथा पायापेक्षा लांब जातो. लांबचे लहान दिसते. म्हणून इमारत वर निमुळती होते आणि मनोरे आत झुकतात. रेल्वेचे रूळ दूर जाताना जवळ येतात तोच हा प्रकार. मौज अशी, की रूळ जवळ आले तर आपण त्याला काही म्हणत नाही. पण मनोरे जवळ आले की आपला जीव घाबरतो, कारण उभी वस्तू कलली की पडते हे आपण रांगत असल्यापासून शिकलेलो असतो.

“मग जुन्या फोटोंत इमारती इतक्या सरळ कशा असतात?” सईने विचारले.

प्रश्न चांगला होता. हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. त्यांच्या काळचा कॅमेरा म्हणजे तिकाटण्यावर ठेवलेली लाकडी पेटी. पुढे भिंग, मागे घासलेली काच आणि दोहोंच्या मध्ये भाता. डोक्यावर काळे कापड घेऊन त्या काचेवर उलटे चित्र बघायचे. या कॅमेऱ्याची खुबी अशी की, मागची काच ओळंब्यात उभी ठेवून पुढचे भिंग तेवढे वर सरकवता येई. पेटी कलत नसे. नजर तेवढी वर जाई. म्हणून मनोरे सरळ. आजही असे सरकणारे भिंग मिळते, पण त्याची किंमत माझ्या पेन्शनीत बसणारी नाही. ज्याला ते परवडत नाही त्याच्यासाठी दोनच मार्ग उरतात : एक तर लांब जायचे, नाही तर उंच जायचे.

दुसऱ्या दिवशी वेरूळला या दोन्हींचा सराव करायचे ठरवले. कैलास लेण्यासमोर माणूस इतका दिपून जातो की सराव वगैरे सुचत नाही. त्यासाठी मी निवडले दहावे लेणे, विश्वकर्म्याचे. याला लोक ‘सुतार की झोपडी’ म्हणतात, आणि ते योग्यच आहे. लाकडी छताला असाव्यात तशा कमानदार फासळ्या इथे दगडात कोरल्या आहेत. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, शेवटी स्तूप आणि स्तूपापुढे बसलेली बुद्धाची भव्य मूर्ती. डावे अंग आणि उजवे अंग एकमेकांची प्रतिबिंबेच जणू. अशा ठिकाणी मधली रेषा सापडली की सगळे सापडते, आणि ती बोटभर चुकली तरी चूक लपत नाही.

आत मी तासभर इकडून तिकडे सरकत होतो. बुद्ध फोटोच्या बरोबर मध्ये यायचा, पण डावीकडचे खांब गर्दी करायचे आणि उजवीकडचे विरळ व्हायचे. पुष्कळ वेळाने उमगले की चुका दोन प्रकारच्या असतात. एक पायाची आणि एक मनगटाची. मी उभाच मधल्या रेषेच्या बाहेर असेन, तर कॅमेरा कितीही वळवला तरी उपयोग नाही. बुद्ध मध्ये येईल, पण दोन्ही रांगा सारख्या येणार नाहीत. पायाची चूक मनगटाने सुधारत नाही. आधी पाय हलवायचे, आणि ते बरोबर पडले आहेत की नाही हे जवळच्या खांबांना विचारायचे. आपण एक पाऊल बाजूला झालो की जवळचे खांब भराभर सरकतात, लांबचा स्तूप फारसा हलत नाही. दोन्हीकडचे पहिले खांब कडेपासून सारख्या अंतरावर आले, की मग मनगट. इतकी वर्षे मी मुलांना ‘कागद हलवू नका’ म्हणून ओरडत आलो. ‘आधी खुर्ची नीट घ्या’ असे एकदाही म्हटल्याचे आठवत नाही.

या लेण्याच्या दर्शनी भागावर सज्जा आहे. कडेच्या जिन्याने तिथे गेलो आणि आतल्या दालनाकडे पाहिले तर काय सांगावे! नजर आपोआप मूर्तीच्या अर्ध्या उंचीवर आली होती. कॅमेरा वर करायला नको, खाली करायला नको. उभे खांब उभे, छताच्या फासळ्या दोन्ही बाजूंनी सारख्या येऊन मध्यावर मिळालेल्या. माझा पहिला सरळ फोटो तिथे निघाला. तिकाटणे परवानगीशिवाय नेता येत नाही, म्हणून कठड्यावर हिची शाल घडी करून ठेवली आणि तिच्यावर कॅमेरा टेकवला. थंडीने कुडकुडत ही म्हणाली, “निदान शालीचं नाव तरी फोटोखाली घाला.”

परतीच्या वाटेवर खुलदाबाद लागते. औरंगजेबाची कबर तिथे आहे. वर घुमट नाही, मनोरे नाहीत; उघड्या आकाशाखाली साधी माती. बायकोवर मनोरे आणि स्वतःवर माती, असा हा विलक्षण हिशेब मनात घोळवीतच मी त्या रात्री झोपलो.

गुरुवारी सकाळी दार उघडताच आम्ही पुन्हा मकबऱ्यावर हजर. या वेळी मी पुढे धावलो नाही. दरवाजाच्या कमानीखालीच उभा राहिलो आणि मधली रेषा शोधू लागलो. इथे ती शोधण्याची खूण सोपी आहे. दर्शनी कमानीच्या वरचे टोक आणि मागच्या घुमटाचा कळस एका रेषेत आले पाहिजेत. दुसरी खूण मागच्या दोन मनोऱ्यांची. ते पुढच्या मनोऱ्यांच्या आतल्या बाजूला दिसतात. डावीकडच्या जोडीत जेवढी फट, तेवढीच उजवीकडच्या जोडीत दिसली की समजावे, पाय बरोबर पडले.

मग कॅमेरा अगदी सपाट धरला. असे धरले की आपल्या डोळ्यांची पातळी फोटोच्या बरोबर मध्यावर येते. म्हणजे सगळी इमारत वरच्या अर्ध्यात बसवायची आणि खालच्या अर्ध्यात नुसती जमीन. त्यासाठीच इतके मागे यावे लागते. ही खालची जमीन वाया जाते असे मला वाटत होते. पण पाहतो तर तिथे पाण्याचा लांबलचक हौद, कारंजी आणि दोन्हीकडची जाळीदार भिंत अशा सगळ्या रेघा थेट घुमटाकडे धावत गेलेल्या! हौदात त्या दिवशी वीतभर पाणी होते आणि त्यात मकबरा उलटा दिसत होता. बांधणाऱ्याने खालचा अर्धा भाग रिकामा सोडलेलाच नव्हता. हे आवार उत्तर-दक्षिण सुमारे ४५८ मीटर लांब आहे आणि रुंदीला २७५ मीटर. एवढी लांबी कशाला, याचे उत्तर मला कमानीखाली मिळाले. मान वर न करता मकबरा पाहता यावा, यासाठी ती आहे.

तेवढ्यात शाळांच्या दोन सहली आल्या आणि फोटोत पन्नास टोप्या शिरल्या. वाट पाहत बसण्याखेरीज इलाज नव्हता. आवाराच्या भिंतीशी चुन्याच्या गिलाव्याचे काम चालले होते. तिथला एक वयस्क गवंडी मघापासून माझी कसरत पाहत होता. जवळ येऊन म्हणाला, “गुरुजी, तुमचं मशीन कललंय.” मी म्हटले, “कशावरून?” त्याने खिशातून ओळंबा काढला आणि दोरी कॅमेऱ्यापुढे धरली. “भिंत सरळ हाय का नाय ते भिंतीला इचारू नये. याला इचारावं.”

खरेच मी किंचित डावीकडे कललो होतो. फोटोची कड ओळंब्याच्या दोरीशी जुळवली आणि सहलीची शेवटची टोपी बाहेर जाताच फोटो काढला. चारही मनोरे सरळ! साठ वर्षांची पैज त्या एका क्षणात मी जिंकलो होतो.

सरळ आला, पण दोन्ही बाजू सारख्या आल्या असे मात्र नाही. चौथऱ्यावर पश्चिमेला, म्हणजे आपल्या डाव्या हाताला, एक मशीद आहे. ती मागाहून, निजामाच्या अमदानीत बांधलेली. तिच्या जोडीला उजवीकडे काहीच नाही. ताजमहालाच्या पश्चिमेला मशीद आहे, तर केवळ तोल साधण्यासाठी पूर्वेला तिच्याचसारखी दुसरी इमारत उभारली आहे. पण ताजमध्येही एक तोल बिघडलाच. मुमताजची कबर बरोबर मधोमध आहे. शहाजहानची नंतर शेजारी बसवावी लागली, आणि तेवढीच काय ती मधल्या रेषेबाहेर गेली. इथे मकबऱ्यात आत गेलो, तर सज्जावरून खाली पाहायचे असते. आठकोनी संगमरवरी जाळीच्या आत, मधोमध, दिलरस बानू एकटी आहे. नवरा तिकडे खुलदाबादला. मधली रेषा इथे कुणी बिघडवली नाही, पण वरून ती एकटी कबर पाहताना ही हळूच म्हणाली, “शेजारी कुणी असतं तर बरं झालं असतं, नाही?”

बाहेर आलो तो सई त्या गवंड्याशी गप्पा मारीत बसली होती. त्याचा ओळंबा पायाडाला टांगलेला होता आणि ती मोबाइलमधून त्याच्याकडे पाहत होती. “आजोबा, गंमत बघा. मोबाइल वर केला तरी दोरी मध्ये असली ना, तर सरळच दिसते. कडेला गेली की कलते.”

मी म्हटले, “कलणारच. कॅमेरा नुसता वर केला तर मधली उभी रेघ कधीच कलत नाही. बाकीच्या तिच्याकडे कल...”

आणि माझे वाक्य अर्धेच राहिले. पिशवीतून मी दादाचा फोटो काढला. ताडून पाहायला म्हणून बरोबर आणला होता. पण दोन दिवसांत एकदाही बाहेर काढला नव्हता. तो घेऊन मी हौदाच्या पूर्वेकडच्या वाटेने चालू लागलो. मधल्या रेषेवर पाणी आहे, तिथे कुणाला उभे करता येत नाही; तेव्हा आईला दादाने याच कडेच्या वाटेवर उभे केले असणार. चौथऱ्याच्या बरेच जवळ गेल्यावर ती जागा सापडली. डावीकडे घुमट, उजवीकडे पुढचा मनोरा, आणि या दोहोंच्या मध्ये मोकळ्या आभाळाचा एक उभा पट्टा. आईचा चेहरा बरोबर त्या पट्ट्यात आहे. एक पाऊल अलीकडे असती तर डोक्यावरचा पदर पांढऱ्या भिंतीत मिसळून गेला असता. पलीकडे असती तर मनोरा डोक्यातून उगवला असता.

सईची पट्टी घेऊन फोटोवर टेकवली. घुमट उजवीकडे कललेला, मनोरा डावीकडे कललेला. आणि फोटोच्या बरोबर मध्यावर, पायापासून डोक्यापर्यंत काटकोनात उभी असलेली एकच उभी रेघ : आई. सगळा मकबरा दोन्ही बाजूंनी तिच्याकडे वाकला होता.

दादाला यातले गणित ठाऊक होते असे मी म्हणणार नाही. त्या डबा कॅमेऱ्याच्या नखाएवढ्या खिडकीतून त्याला घुमट तरी धड दिसला असेल की नाही, शंकाच आहे. आई मात्र त्याने मध्यावर घेतली होती. ती मावावी, तिचा चेहरा ओळखू यावा म्हणून तो जवळ गेला. जवळ गेल्यामुळे घुमटासाठी कॅमेरा वर करावा लागला. आणि वर केल्यामुळे मनोरे पडले. मी दरवाजाखालून काढलेल्या माझ्या सरळ फोटोत त्याच जागी एक पाहुणी उभी होती. मी तो मोठा करून पाहिला. ती बाई होती एवढेच कळत होते. चेहरा म्हणजे तांदळाचा दाणा. इतकी वर्षे मी मुलांना मधली रेषा शिकवली, आणि घरातल्या फोटोतली मला दिसली नाही.

हिला म्हटले, “जरा इथे उभी राहतेस?” हिने दशम्यांचा रिकामा डबा हातात धरला आणि उन्हाने डोळे बारीक केले. मी जवळ गेलो, कॅमेरा वर केला आणि मनोरे खुशाल पडू दिले.

ज्यांना सुट्टीत तिकडे जायचे असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मकबऱ्याचे तोंड दक्षिणेला आहे, तेव्हा थंडीच्या दिवसांत कललेले ऊन दिवसभर त्याच्या तोंडावर असते. उन्हाळ्यात ते डोक्यावर येते आणि इमारत निस्तेज दिसते. सकाळी दार उघडताच जावे. मोबाइलमध्ये चौकटीच्या रेघा दाखवण्याची सोय असते, ती चालू करावी. आधी मधली रेषा पायांनी शोधावी, मग कॅमेरा सपाट धरावा, आणि खालची फाजील जमीन घरी येऊन कापावी. एवढे केले की मनोरे सरळ येतात. मात्र माणसांचा फोटो वेगळा काढावा.

परत आल्यावर तो सरळ फोटो मोठा करून, काच बसवून वहिनींकडे नेला. त्यांनी पदराने काच पुसली आणि बराच वेळ पाहत राहिल्या. “छान आलाय. अगदी कॅलेंडरात असतो तसा. मग भाऊजी, पैज कोणी जिंकली म्हणायची?”

मी म्हटले, “मनोरे माझे सरळ आले, वहिनी. आई दादाची सरळ आली आहे.” आणि आल्बम काढून, पट्टी लावून त्यांना ते दाखवले. वहिनी काही बोलल्या नाहीत. आल्बम मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

मग मी हातोडी मागून घेतली आणि फोटो भिंतीवर लावला. लांबून पाहतो तो किंचित कललेला. पुढे जाऊन नीट केला. मागे येऊन पाहिले, तरी कललेलाच. शेवटी खिशातून दोरी काढून किल्ली बांधली आणि ओळंबा धरला. फोटो सरळ होता. शेजारची खिडकीच जुन्या वाड्याच्या भिंतीबरोबर कलली होती.

वहिनी म्हणाल्या, “राहू द्या हो. चहा निवतोय.”